वाक्यात उपयोग
भाड्याची खोली जाईल या भीतीने डोंबिवलीत मी बुद्धाची तसबीर सहा महिने पिठाच्या डब्यामागे लपवली होती, एवढी मी शूर. काल नातीच्या दाखल्याच्या इंग्रजी अर्जात ‘प्रोफेस’ हा शब्द दिसला आणि ती दुपार आठवली. घरमालकिणीच्या मुलीला मी तोच शब्द ऐटीत शिकवत होते, “आपण जे मानतो ते चारचौघांत उघड सांगणं.” मुलगी म्हणाली, “बाई, वाक्यात उपयोग करून दाखवा ना.” दारात तिची आई मेथी निवडत बसलेली. मी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगून टाकलं, “मी बौद्ध धर्म मानते.” सहा महिने तसबीर कुठे लपवली तेही सांगितलं. मेथीवरचे हात थांबले. जुडी बाजूला ठेवून मुलीची आई म्हणाली, “सहा महिने घाबरून राहावं असं मी तुम्हाला काय बोलले होते, ते आधी सांगा.”