स्कॉटलंडला निघालेली अमेरिकन

माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, यात माझं कर्तृत्व काहीच नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओहायोतल्या एका गावात बरीच वर्षं काढली, मुलगी तिथेच झाली आणि एके दिवशी सभागृहात हात वर करून मी शपथ घेऊन टाकली. नवऱ्याने घेतली नाही. "घरात एक तरी भारतीय माणूस असू दे," असं त्याचं म्हणणं. पुढे कंपनीने त्याला सिंगापूरला पाठवलं आणि आम्ही तिथल्या वुडलँड्स भागात अकराव्या मजल्यावर राहायला आलो. मी अमेरिकन आहे हे इथे विमानतळावरच्या अधिकाऱ्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही येत नाही.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा शहरातल्या एका हॉटेलात परदेशी विद्यापीठांचं प्रदर्शन भरलं. तिला घेऊन गेले. आत शिरल्याशिरल्या ती मैत्रिणीबरोबर बबल टीच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन मी एकटीच टेबलांमधून फिरू लागले. एका टेबलामागे लोकरी कोट घालून घामाघूम झालेले एक उंच गृहस्थ होते. स्कॉटलंडहून आलेले. ते इंग्रजीच बोलत असावेत, पण त्यांचे शब्द चेंगराचेंगरीत सापडल्यासारखे एकमेकांच्या अंगावर पडत होते. अशा वेळी मान हलवून हसायचं, हे मी ओहायोत शिकले होते. त्यांच्या बोलण्यातला 'पासपोर्ट' तेवढा मला कळला. "अमेरिकन," मी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मग 'स्टडी' कळला. मी काय शिकले ते विचारत असतील, असं वाटून मी म्हणाले, "जिऑलॉजी." त्यांनी जोरजोरात माझा हात हलवला आणि माझा ईमेल लिहून घेतला.

आठवड्याभराने माझ्या फोनवर आलेली त्यांची ईमेल वाचून मुलगी सोफ्यावर आडवी झाली. हसून हसून तिला बोलता येईना.

"आई, त्यांनी विचारलं होतं, तुला काय शिकायचंय! तू त्यांची अमेरिकन स्टुडंट आहेस आता. एमएस्सी जिऑलॉजी. सो पावरफुल, lah!"

इथल्या इंग्रजीत वाक्याला शेपटीसारखा 'lah' जोडतात, तो तिच्याही जिभेवर बसलाय. मी कानकोंडी झाले. माफीचं उत्तर लिहून विषय संपवावा म्हणून ती ईमेल उघडली, तर खाली त्यांच्या अभ्यासक्रमाचं पान होतं आणि त्यावर समुद्रकाठच्या एका कड्याचा फोटो. खालचे थर उभे, आणि त्यांच्यावर दुसरे थर निवांत आडवे पसरलेले. तो कडा मला ओळखीचा होता. पुण्यात बीएस्सीला असताना आमच्या पुस्तकात तो काळपट, पुसटसा छापलेला होता, आणि परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती. एमएस्सीचं पहिलं वर्ष अर्धं झालं आणि माझं लग्न ठरलं. त्यानंतर दगडांशी संबंध आला तो पाट्या-वरवंट्यापुरता. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले. माफीचं उत्तर काही लिहिलं नाही.

जेवताना नवऱ्याला सांगितलं, "मी स्कॉटलंडला अर्ज करतेय."

"ट्रिपला?"

"शिकायला. एक वर्षाचं आहे."

"काय शिकायला?"

"दगड."

त्याने घास चावून पूर्ण केला. "इथे नाहीत दगड?"

"आहेत. पण सगळ्यांवर घरं बांधून ठेवलीयेत."

तो आयटीतला मॅनेजर आहे. त्याला धक्का बसला की तो कामाचं वेळापत्रक मागतो. "टाइमलाइन काय?" त्याने विचारलं. त्याला सूचना वाचून दाखवायला घेतल्या. त्यात लिहिलं होतं, की अमेरिकन नागरिकांना इंग्रजीची परीक्षा देण्याची गरज नाही. भारतीय नागरिकांसाठी मात्र निराळा परिच्छेद होता. लग्न झाल्यापासून हा माणूस माझं इंग्रजी दुरुस्त करत आलाय. त्याने चष्मा लावून स्वतः वाचलं.

"म्हणजे तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं?"

"सरकारदरबारी," मी म्हणाले आणि त्याला आमटी वाढली.

मग अर्जासोबत द्यायचं निवेदन लिहायला बसले. त्यात स्वतःबद्दल चांगलं लिहायचं होतं, आणि ते मला जमेना. मुलीने माझा मसुदा वाचला. "आई, पहिल्याच वाक्यात तू सॉरी म्हटलंयस. दुसऱ्यात 'मी साधी गृहिणी'. तिसऱ्यात परत सॉरी." तिने ती तिन्ही वाक्यं उडवली. खाली फक्त सही उरली. शेवटी तिने मला समोर बसवलं, मराठीत बोलायला लावलं आणि स्वतः इंग्रजीत टाइप केलं. "तुला दगड का आवडतात?" तिने विचारलं. असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलत गेले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा पार लगदा झाला.

शिफारसपत्र हवं होतं. पुण्यातल्या मैत्रिणीकडून माझ्या जुन्या सरांचा नंबर मिळवला. सर आता खूप थकले असतील या कल्पनेने मी भीतभीत फोन केला.

"कोण? आंबोलीच्या सहलीत ओढ्यात पडलेली?"

"नाही सर, ती दुसरी."

"मग सगळ्यांच्या पुऱ्या खाल्ल्या ती?"

मी आवाज बारीक केला. "हो, सर."

"हां! हुशार होतीस. हातोडी चांगली चालवायचीस. लग्न झालं का?"

"झालं, सर. मुलगी सतरा वर्षांची आहे."

"छान छान. मग आता अभ्यासाला लाग." सरांनी नातवाला सांगून पत्र पाठवलं. मी उत्साही, निरीक्षणात तरबेज आणि भर उन्हातही भूक शाबूत राखणारी विद्यार्थिनी आहे, असं त्यात लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, की खोटं तर काहीच नाहीये, जाऊ दे.

त्यांनी मला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. त्यांची सकाळ, आमची संध्याकाळ. मला उच्चार कळणार नाहीत हे उघड होतं, म्हणून मुलगी कॅमेऱ्यामागे पांढरा फळा घेऊन बसली. ते बोलतील ते तिने मार्करने लिहायचं, असं ठरलं. पडद्यावर एक प्राध्यापक बाई आणि लोकरी कोटवाले तेच गृहस्थ आले. त्यांच्याकडे ऊन पडलं होतं, तरी कोट होताच.

बाईंनी काही विचारलं. फळ्यावर आलं: 'अमेरिकेत कुठे?'

"वुडलँड्स," मी घाबरून म्हणाले.

त्या आनंदल्या. या नावाचं गाव अमेरिकेतही असावं. मुलीने कपाळावर हात मारून घेतला. मी दुरुस्ती करणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं. वरच्यांच्या फ्लॅटमध्ये महिनाभर नूतनीकरण चाललं होतं, आणि त्या दिवशी काम बंद ठेवा अशी विनवणी मी त्यांना केळ्याचे वेफर्स देऊन केली होती. वेफर्स वाया गेले.

बाई पुढे झुकल्या. फळ्यावर: 'आवाज कसला?'

"ड्रिलिंग," मी म्हणाले.

त्यांचे डोळे चमकले. त्यांनी लगेच पुढचं विचारलं. फळ्यावर: 'कशात???'

"काँक्रीटमध्ये," मी म्हणाले. मुलगी फळ्यासकट खाली बसली. आता नुसताच आवाज येत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मग माझा धीरच सुटला आणि मी खरं ते सांगून टाकलं. मी सिंगापूरमध्ये राहते, वर बाथरूमच्या फरश्या फोडतायत, तुमचं बोलणं मला कळत नाही, कृपा करून हळू बोला.

कोटवाले गृहस्थ इतके हसले की त्यांनी कोट काढला. बाईंनी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुम्हाला सगळ्यात चांगला माहीत असलेला खडक कोणता?

मी सह्याद्रीबद्दल बोलू लागले. भेगांमधून वर आलेला लाव्हा, एकावर एक चढलेले बेसाल्टचे थर, दोन थरांमधली ती लालसर माती, खाणीत फोडलेल्या दगडाच्या पोकळीतून निघणारे हिरवट, पांढरे स्फटिक. इंग्रजी शब्द सापडला नाही तिथे हात वापरले. मध्येच दोनदा "असं बघा" म्हणाले, आणि त्यांनी खरंच बघितलं. ड्रिलिंग कधी थांबलं ते कळलं नाही. मुलगी जमिनीवर बसून ऐकत होती. फळ्यावर तिने काहीच लिहिलं नव्हतं.

त्यांनी प्रवेश देऊ केला. मुलीने स्वतःसाठी सिंगापूरचंच विद्यापीठ निवडलं होतं. "तिथे थंडी आहे आणि चिकन राइस नाही," हे तिचं कारण. सासूबाईंना पुण्याला फोन केला. स्कॉटलंड म्हणजे महाबळेश्वरसारखं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "जा हो," त्या म्हणाल्या, "आणि त्याला भात लावायला शिकवून जा. आधी मी केलं, मग तू केलंस." नवऱ्याने माझ्या जाण्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. त्यात 'भात' नावाचा एक पूर्ण आठवडा होता.

निघायच्या आधी इथल्या मराठी मैत्रिणींना घरी बोलावलं. 'स्कॉटलंडचा निरोप' एवढंच निमंत्रणात लिहिलं होतं. सगळ्या जणी दारातून आल्या त्या थेट मुलीपाशी गेल्या. एकीने तिला लोकरीची टोपी दिली, दुसरीने लोणच्याची बरणी. "थंडीत कान झाक हं," तिसरी म्हणाली.

"मी नाही जात, आंटी. आई जातेय."

मग एकीने विचारलं, "म्हणजे हिला सोडायला?"

"शिकायला."

"अगं, मग डबा कोण करणार?"

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि सगळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो बिचारा ट्रेमधून पन्हं आणत होता. सगळ्यांच्या नजरा पाहून त्याने दोन ग्लास सांडले. टोपी आणि लोणचं मुलीने मला आणून दिलं. कान झाकायचा सल्ला पुन्हा एकदा, या वेळी मला उद्देशून, झाला.

नंतर मी ओट्यापाशी बशा विसळत होते, तेव्हा सेम्बावांगला राहणारी मैत्रीण आत आली. ती एका बँकेत हिशेब तपासते. तिने दार लोटून घेतलं.

"वयाची अट नसते का गं?"

"नसते."

"मला केमिस्ट्री करायचं होतं," ती म्हणाली. मग माझ्या हातातली बशी घेऊन ती पुसू लागली.

मी गेले, पावसात भिजत तो कडा प्रत्यक्ष पाहिला, चिखलात एकदा सपशेल पडले, आणि पास होऊन परत आले. नवरा आता भात बरा लावतो. सेम्बावांगच्या मैत्रिणीने यंदा अर्ज केलाय. तिचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे तिला इंग्रजीची परीक्षा आहे. सरावासाठी ती मला रोज फोन करते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिच्या तोंडून 'lah' निघतो. काल तो काढून टाकण्यात आमचा एक तास गेला. शेवटी ती अगदी शुद्ध, नेमक्या इंग्रजीत एक अख्खं वाक्य बोलली. मी तिला शाबासकी दिली.

"थँक यू, lah," ती म्हणाली.