ड्रमात घातलेला हात

त्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत अख्खा ड्रम आडवा केला. आमच्या गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई. तरी ते पाणी जिन्यावरून धो-धो खाली गेलं. का? तर त्यात माझा हात गेल्ता.

मी नगरपालिकेची रोजंदारीवरची बाई. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधायचं काम. घरोघर जायचं, ड्रमात हात घालून वाटीभर पाणी काढायचं, उजेडात धरायचं. वळवळलं काही, की ड्रमात औषध टाकायचं. त्या दिवशी एका इमारतीत वरच्या मजल्यावर बघून झालं, औषध पडलं, आन् मंग बाईनं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. एवढंच झालं.

ड्रम आडवा करून वर मलाच म्हणली, जिना पुसून घे. आन् मी पुसला. शेजारणी आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

मुकादमाला सांगितलं. तो म्हणला, कशाला वाढवती, त्या इमारतीत आत जाऊच नको, औषध दारात दे, त्यांचे ते टाकतील. पोटासाठी मी बराबर तसंच करत गेले. बाटली उंबऱ्यावर ठेवायची आन् मागं सरायचं. त्यांनी औषध टाकलंच न्हाई. वास येतो म्हणे.

त्या इमारतीच्या भिंतीला लागूनच आमची वस्ती. डासाला भिंत कळत न्हाई, आडनाव तर बिलकुल न्हाई. आधी शेजारची म्हातारी तापानं पडली. मंग माझी पोरगी.

आता ती जालन्याच्या सरकारी दवाखान्यात हाय. हिरड्यांतून रक्त येऊन राह्यलंय. पेशी उतरून राह्यल्यात. डॉक्टर धड काही सांगत न्हाईत. मला रडू बी येत न्हाई. साऱ्या गावाच्या डासांचं औषध माझ्या पिशवीत, आन् माझंच लेकरू असं पडावं? कुणापुढं जाऊन बोंबलू?

आज सकाळी मुकादमाचा फोन आला. पोरीजवळ बहिणीला बसव म्हणला. त्या इमारतीत बी ताप निघालाय, उद्या जल्दी ये, पण औषध दारातूनच दे.

मी म्हणलं, "दारातून देणार न्हाई. आत जाईन, हात घालून बघीन, मंगच टाकीन."

"मंग येऊच नको."

"येणार. काढायचं तर चार माणसांत कारण सांगून काढा."

मी फोन ठेवला. पोरगी वाचंल का, मला ठावं न्हाई. काम राहील का, ते बी न्हाई. पण उद्या मी त्या बाईच्या घरी जाणार. आडवी आली तर माझं आडनाव सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगणार. आन् तिच्यादेखत तिच्या पाण्यात हात घालणार.