कांद्याच्या ओट्यावर टेबल टेनिस

रविवारी दुपारी चिंचवडहून स्कूटीवर निघालो, तेव्हा मागे बसलेल्या मेईच्या पिशवीत टेबल टेनिसच्या दोन बॅट होत्या आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला एक टेबल शोधायचं होतं. मेई चाकणच्या आमच्या कंपनीत चीनमधून आलेली इंजिनीअर. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. मला बोलायला वेळ लागतो आणि तिचं हिंदी शॉप फ्लोअरवर शिकलेलं. त्यामुळे वर्षभरात आमचं बोलणं डब्यापलीकडे गेलं नव्हतं.

तिचे वडील एका जुन्या कारखान्याच्या वसाहतीत एकटे राहतात. वसाहत आता पाडणार आहेत. मेई पुढच्या महिन्यात परत जाणार, पण तिच्या शहरातल्या फ्लॅटवर यायला ते तयार नाहीत. कारण वसाहतीच्या अंगणात सिमेंटचं टेबल आहे.

"शहरात बॅडमिंटनचा हॉल आहे, तासावर बुक करायचा. तिथे कुणी गप्पा मारत नाही, असं बाबा म्हणतात," मेई म्हणाली. "कुठेही खेळता येतं, हे त्यांना फोनवर दाखवायचंय."

तळेगावच्या एका जुन्या हॉलमध्ये टेबल सापडलं, पण त्यावर लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या. "लग्नसराई हाय ताई. आता न्हाई निघायचं ते," वॉचमन म्हणाला.

चाकणच्या रस्त्याला लागलो तशी मेई मोकळी झाली. तिच्या लहानपणी प्रत्येक शाळेत सिमेंटची टेबलं होती. जाळी म्हणून विटांची रांग. निवृत्त कामगार आणि पोरं एकाच रांगेत. हरला त्याने बॅट ठेवायची, पुढच्याने उचलायची. आता मुलं बॅडमिंटनच्या क्लासला जातात आणि आईबाप बाहेर बसून राहतात. खेड्यांत मात्र बास्केटबॉलला अख्खं गाव लोटतं. कुठेकुठे बक्षीस म्हणून बकरा मिळतो. मी म्हटलं, आमच्याकडे कुस्तीला मिळतो तसा.

चाकणच्या टर्फवर बॉक्स क्रिकेट चालू होतं. "मॅडम, एक प्लेअर कमी हाय, येता का?" मेई खरंच निघाली होती. मीच तिला ओढलं.

भूक लागली म्हणून कांदा बाजारापाशी वडापाव घेतला. लिलाव उरकला होता. आत रिकामा ओटा (माल मांडायचा सिमेंटचा चौथरा) पाहून मेई हातातला वडा तसाच धरून धावली.

हमाल बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेईने खुणेने विटा मागितल्या. त्यांच्यातले वयस्कर, ज्यांना बाकीचे बबनमामा म्हणत होते, ते म्हणाले, "विटा कशाला? कांदं हाईत की!" आणि त्यांनी स्वतः कांद्यांची रांग लावली.

"राव, ओटा गेला चीनच्या ताब्यात!" मागून कुणीतरी ओरडलं.

पोत्याला टेकवलेल्या फोनमध्ये बनियनवरचे एक आजोबा दिसले, मेईचे वडील. चिनीतही वडिलांना बाबाच म्हणतात. आम्ही खेळू लागलो. मला मेईची एकही सर्व्हिस परतवता येईना.

"ताई, जेवलायसा का न्हाई?" बबनमामा.

तेवढ्यात फोनमधून बाबा खेकसले.

"काय म्हणाले?"

"तुझं मनगट लाकडाचं आहे."

हे ऐकून हमाल हसून लोटपोट झाले. मग बाबांनी मेईला फोन ओट्याला लावून चेंडू टाकायला सांगितलं. टप्प्याचा आवाज ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी हळू आवाजात त्यांनी काही विचारलं. मेईने उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. का कोण जाणे, मीच बोलू लागले. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही रोज बॅडमिंटन खेळायचो. खेळ कुणी बंद केला नाही. एकेक गाडी वाढत गेली, एवढंच. शेवटचं कधी खेळलो, तेही आठवत नाही.

मेईने ऐकून घेतलं. पुढचा ट्रक हलला तेव्हा म्हणाली, "बाबांनी विचारलं, माझ्या घरापासून बाग चालत किती लांब आहे. तिथली टेबलं दगडी आहेत की लाकडी."

"मग?"

"दगडी आहेत, म्हटलं. तर म्हणाले, विटा मी येताना आणतो."