बानाबाई लेकरं मोजत नाय

आमच्या पुंडलिकनगरच्या शाळेत दर शनिवारी घरच्यांचा वर्ग भरतो. लेकरं पुढं आणि त्यांच्या आया-आज्ज्या मागं, एकाच सतरंजीवर. मी, देवगाव रंगारीची आशाबाई, नात श्रेयाला घेऊन जाते. माझ्या शेजारी बसते बानाबाई. पिशोरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मुलगा इथं एका बिल्डिंगीवर वॉचमन, म्हणून आली. तिची नात मेघा याच वर्गात.

पहिल्याच दिवशी वर्ग घेणाऱ्या तनुजाबाईंनी विचारलं, "बानाबाई, इथं लेकरं किती हायेत?"

"जित्ते जीव मोजायचे नस्तेत, बाई. नजर लागती."

घ्या! आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. बोरं मोजायला सांगा, शंभरापर्यंत घडाघडा. लेकरू नायतर मेंढरू म्हटलं की तोंड बंद. उलट एकेकाची हनुवटी धरून विचारायची, "तू कुणाचं रं लेकरू?" सहा महिने तेच. मी म्हणायची, "ही शिकायला येती का सोयरीक जमवायला?"

मग पाणचक्कीची सहल ठरली. घरचं मोठं माणूस संगं असंल तरच लेकराला न्यायचं, असा नियम. मीच तोंड उघडलं, "हिला नका नेऊ बाई. मोजत नाय ती, लेकरं काय सांभाळणार?" बानाबाई राहिली तर मेघाही राहणार, हे मला कळत होतं. तरी बोलले. लई वाईट जीभ माझी.

बानाबाईचा चेहरा उतरला. "मी मोजत नाय, पण चुकत बी नाय. पोरगी आठ दिस झालं सहल-सहल करतीय. येऊ द्या, बाई."

तनुजाबाईंनी नेलं.

परत निघताना गणती माझ्याकडं. बावीस आणली होती, रांगेत बावीस भरली. मी ऐटीत म्हटलं, "चला, बसा गाडीत!"

बानाबाईनं रांगेवरून एकदाच नजर फिरवली. "थांबा. ह्ये पिवळ्या टोपीचं आपलं नाय. आन् आशाबाई, तुमची श्रेया कुठंय?"

पिवळी टोपी दुसऱ्याच सहलीतली, चुकून आमच्या रांगेत घुसलेली. मी जागच्या जागी रडत उभी, आणि साठीची बानाबाई लुगडं सावरत पळाली. श्रेया हौदापाशी होती, माशांना चुरमुरे टाकत. बानाबाई तिला कडेवर घेऊनच आली.

गाडीत मी डोळे पुसले, डब्यातला लाडू काढला. म्हटलं, हा मेघाला द्यावा. लेकरं सगळी मागच्या बाकांवर. उठून मागं बघितलं, तर बावीस तोंडं माझ्याकडं बघत होती. सहा महिने एका सतरंजीवर बसून त्यातली मेघा कोणती, हे मला ठाऊक नव्हतं.

बानाबाईलाच विचारावं लागलं.