डाइव्ह रिसॉर्टचा कॉम्प्रेसर

माझा शेजारी पाटणकर कपाळाला ओला टॉवेल बांधून कॉटेजच्या पायरीवर बसला होता. समोर जेटीवर माझी मुलगी मुग्धा डाइव्हिंगचा सूट अंगात चढवण्यासाठी झटापट करत होती. पाटणकर ज्यात होता ती पहिली बोट डाइव्ह आटोपून परत आली होती. दुसरी सुटायच्या तयारीत होती, आणि मुग्धाचा नंबर दुसरीत होता.

"डोकं फुटतंय रे," पाटणकर म्हणाला.

"बोट लागली असेल."

"बोट लागली असती तर जमिनीवर आल्यावर उतरलं असतं. हे वाढतंय."

मला ते खटकलं. पहिल्या बोटीतलं नवविवाहित जोडपंही डोकं धरून खोलीत पडलं होतं. बोट चालवणारा मात्र मजेत बिडी ओढत होता. बोटीत सगळेच होते, पण टाकीतल्या हवेवर श्वास घेतला होता तो फक्त या तिघांनी.

मी भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात कॉम्प्रेसर हाऊस सांभाळतो. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र. आमच्याकडे त्या हवेवर अवजारं चालतात. रिसॉर्टवर तीच हवा लोखंडी टाक्यांत भरतात आणि त्या पाठीला बांधून माणसं समुद्राखाली जातात. कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या आमच्या ब्लॉकमधली दोन कुटुंबं एलटीसीची प्रवास-सवलत घेऊन या बेटावर आली होती. सुट्टीत मशीनकडे बघायचं नाही, अशी तंबी मला बायकोने विमानात बसतानाच दिली होती. तरी मी टाक्या भरायच्या शेडकडे गेलोच.

शेडच्या मागे डिझेल जनरेटर उभा होता. आदल्या दुपारपर्यंत तो पाटणकरच्या कॉटेजशेजारी होता.

तो हलला कसा, हे समजायला टाउनशिपचा स्वभाव माहीत हवा. क्वार्टर आपल्या मालकीचं नसतं. नळ गळला, खिडकी वाजली, की आम्ही स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही, तक्रार करतो. तक्रार लावून धरणारा तो कर्तबगार, असं आमच्याकडे मानतात. पाटणकर त्यात सगळ्यांचा गुरू. रिसॉर्टवर सामान टेकवल्याबरोबर त्याने मॅनेजरला गाठून जनरेटरच्या आवाजाबद्दल इतकं पिडलं, की बिचाऱ्याने संध्याकाळच्या आत तो चाकांवर ढकलत शेडमागे नेला. रात्री जेवताना आम्ही सगळ्यांनी पाटणकरची पाठ थोपटली होती. खरंच छान शांत वाटत होतं.

आता मी जनरेटरचं धुराडं बघितलं. त्याच्या हातभर वर कॉम्प्रेसरच्या पाइपचं तोंड होतं. बाहेरची हवा आत ओढणारं तोंड. आणि कॉम्प्रेसर चालायचा जनरेटरच्याच विजेवर, म्हणजे टाक्या भरताना धूर असणारच.

मी आधी कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून खिशात टाकला. मेंटेनन्सवाल्याची ही जुनी सवय. फ्यूज खिशात असला की कोणी चुकून मशीन चालू करू शकत नाही. तेवढ्यात मॅनेजर बिस्वास धावत आला.

"साहब, ये क्या कर रहे हैं? ये आपका प्लांट नहीं है!"

"पता है। बोट रोकिए। कल शाम के भरे हुए सिलेंडर पर कोई नीचे नहीं जाएगा।"

त्याने एका टाकीचा व्हॉल्व्ह उघडून नाकाशी धरला. "सूँघिए। एकदम साफ।"

वास खरंच नव्हता. भीती वाटली ती त्याचीच. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. टाकी भरताना साधा फिल्टर धुराचा वास काढून टाकतो, हा वायू मात्र तसाच पुढे जातो आणि रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. पाण्याखाली दाब वाढतो तसा त्याचा त्रासही वाढतो. सुरुवात डोकेदुखीने होते, पुढे शुद्ध हरपते. जमिनीवर शुद्ध हरपली तर माणसाला उचलून मोकळ्या हवेत नेता येतं.

मी जेटीकडे पळालो. मुग्धा बोटीत चढलेली होती.

"उतर."

"बाबा, यार! सबके सामने? मी या डाइव्हसाठी वर्षभर क्लबच्या पूलमध्ये पोहले."

"माहीत आहे. उतर."

तिचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं. माझा अंदाज चुकला तर ही पोरगी मला जन्मभर ऐकवेल, हेही मनात येऊन गेलं. पण ती उतरेपर्यंत मी बोटीचा दोर सोडला नाही.

बिस्वास मागून आला होता. "गेस्ट लोग नाराज होंगे, साहब. पहली बार समंदर में सबका सिर दुखता है।"

मी त्याला हाताला धरून शेडमागे नेलं. खिशातला पांढरा रुमाल काढला, पाइपच्या तोंडात घालून फिरवला आणि त्याच्या हातात दिला. रुमाल तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता.

बिस्वासने रुमाल उलटून दुसऱ्या बाजूनेही बघितला. मग म्हणाला, "मेरी बेटी भी इसी हवा पर ट्रेनिंग लेती है।" त्यानंतर त्याला काही समजवावं लागलं नाही. त्याने स्वतः बोट रिकामी केली.

रिसॉर्टवर तातडीसाठी ऑक्सिजन ठेवलेला होता. तो पाटणकरला आणि त्या जोडप्याला आळीपाळीने दिला, मग तिघांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अजून थोडा वेळ खाली राहिले असते तर इथवर आले नसते. पाटणकर एरवी कोणाचंही बोलणं मध्ये तोडतो. त्या दिवशी त्याने बाईंचं बोलणं पुरं होऊ दिलं, मग तो म्हणाला, जनरेटर मीच हलवायला लावला होता.

टाक्या वाळूवर उघड्या करून रिकाम्या केल्या. जनरेटर नारळांच्या पलीकडे, वारा शेडकडून जिकडे वाहतो त्या बाजूला नेला. पाइपचं तोंड लांब जोड देऊन छपराच्या वर काढलं आणि फिल्टर बदलला. बिस्वासने शेजारच्या बेटावरून वायू मोजायचं मीटर मागवलं. ते येऊन आकडा शून्य दाखवेपर्यंत मी फ्यूज परत दिला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी मुग्धा पाण्याखाली गेली. मी बोटीच्या कडेला बसून तिचे बुडबुडे बघत होतो. टाकी मी तपासली होती, मीटर मी वाचलं होतं, तरी बुडबुड्यांत जरा खंड पडला की मी उठून उभा राहत होतो. ती वर आली, तोंडातली नळी काढली आणि ओरडली, "बाबा, कासव दिसलं!" मला रडू आलं. खारं पाणी उडालं असं मी बोटवाल्याला सांगितलं.

या कामात शिकलेली गोष्ट एवढीच. तक्रार मिटली असं कोणी सांगितलं, की ती नेमकी कुठे नेऊन ठेवली आहे, ते स्वतः चालत जाऊन बघावं.