संक्रांतीची गाजरं

ते प्रकरण आजही जसंच्या तसं आठवतं. नामांतराच्या वादाने मराठवाडा धुमसत होता आणि मी परभणीजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. शहराचं सांडपाणी हौदांत निवळवून पाटाने एका गावच्या मुळ्या-गाजरांना दिलं जाई. पाटाचं दार उघडण्या-मिटण्याचं काम दलित वस्तीतल्या एका माणसाकडे होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्या गावात घरोघरी उलट्या-जुलाब सुरू झाले. खबऱ्याने निरोप आणला की, दारवाल्याने पाण्यात विष कालवलं असं लोक म्हणताहेत आणि संध्याकाळी वस्ती पेटवणार आहेत. मी त्या माणसाला ठाण्यात आणून बसवलं, स्टेशन डायरीत नोंद केली, वस्तीवर शिपाई बसवले, कुमक मागवली. ती येईपर्यंत आमच्या हाती फक्त लाठ्या होत्या आणि ठाण्याच्या फाटकाबाहेर जमाव वाढत होता. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

चौकशीत तो एकच सांगे. हौद साफ करायला काढला, घाण पाणी रानात जाऊ नये म्हणून सणाआधीच त्याने दार बंद केलं होतं. पाट कोरडाच होता, हे जमादाराने जाऊन पाहिलं. मग मी दवाखान्यात विचारपूस केली. भोगीच्या भाजीत शिजलेली गाजरं खाणारे ठणठणीत होते. सुगडातल्या वाणाची कच्ची गाजरं खाणारी बाया-लेकरं मात्र आडवी झाली होती.

सगळी गाजरं एकाच बागायतदाराची. बाजारात नेण्याआधी ती पाण्यात पायांनी तुडवून लालभडक करायची, ही तिकडची रीत. त्याला बोलावून विचारलं, पाट कोरडा होता तर गाजरं धुतली कुठं?

"हौदाच्या वरल्या अंगाला, शहराच्या घाण नाल्यात," तो म्हणाला. "सांगितलो असतो तर मलाच हाणले असते, साहेब."

त्याची स्वतःची सून सलाईनवर होती. जबाब घेऊन मी त्याला जमावापुढे उभं केलं आणि सगळं बोलायला लावलं. त्याला कुणी बोटही लावलं नाही. लोक मुकाट घरी गेले.

दारवाल्याला म्हणालो, आता भिऊ नको, घरी जा. तो उठला नाही.

"आज हितंच ऱ्हातो, साहेब. म्या इख घातलो न्हाई, ह्ये त्यांला कळलं. पर म्या घालू शकतो, ह्ये त्यांला लगीच पटलं व्हतं न्हवं?"

तपासाने माणसावरचा आळ जातो, त्याची भीती जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला घोंगडी दिली. लॉकअपला बाहेरून कुलूप लावा, असं त्यानेच सांगितलं आणि मी ते लावलं.