जिचं रक्त, तिचा आकडा

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात नव्या मुलींना रक्तदाब कसा मोजायचा ते दाखवत होते. फोन तिच्या मुलीचा, सायलीचा. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. दोन दिवसांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता, डोंबिवलीच्या हॉस्पिटलात होती, शुद्धीवर आलीच नाही. मी रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत तिच्या घरी, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला पोहोचेपर्यंत फोनवर आमच्या संस्थेचा संदेश येऊन पडला होता. 'शांत, समर्पित आणि सदैव हसतमुख कार्यकर्ती आपल्यातून निघून गेली.' मी तो भर रस्त्यात दोनदा वाचला. शांत? वंदना भोईर शांत? ज्या बाईला त्यांनी भांडली म्हणून कामावरून काढलं, ती मेल्यावर शांत झाली होय! सहा आठवडे झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही भेटलो एका मोठ्या संशोधनामुळे. परदेशातलं एक विद्यापीठ आणि इथली आमची संस्था मिळून गरोदर बायकांच्या अंगातल्या रक्ताचा अभ्यास करत होते. मी ठाण्याच्या ऑफिसात समन्वयक. वंदनाताई मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीमागच्या चाळींमधून घरोघर फिरणारी कार्यकर्ती. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तरी मला 'मॅडम' म्हणायची. घर तिथलंच, आगरी, पिढ्यान् पिढ्यांचं. भातशेतीच्या जागी आता इमारती उभ्या होत्या. पोरं मोठी झाल्यावर घरात बसवत नाही म्हणून ती या कामाला आली होती. चाळींमधल्या बायका बहुतेक उत्तरेकडून आलेल्या. वंदनाताईचं हिंदी भयंकर होतं, पण दार तिलाच उघडायचं. इतर मुली तासभर बाहेर उभ्या राहायच्या, ही आत जाऊन चहा ढवळायला लागायची.

काम साधं होतं. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त छोट्या यंत्रात घालायचं, आणि हिमोग्लोबिनचा जो आकडा दिसेल तो टॅबमध्ये भरायचा. नियम एकच कडक होता. आकडा त्या बाईला सांगायचा नाही. यंत्र आपल्याकडे वळवून धरायचं. कारण आकडा कळला की बाई घाबरून गोळ्या घेईल, खाणं बदलेल, आणि मग तुलनेला अर्थ राहणार नाही. सातच्या खाली आला तरच सांगायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. बाकी सगळ्यांना हिरव्या भाज्यांचं चित्र असलेलं पत्रक. हे सगळं मी मुलींना शिकवलेलं आहे. मी स्वतः, फळ्यासमोर उभी राहून.

एका दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, रीना म्हणून पोरगी हाय, आठवा महिना. सात पॉइंट तीन आलाय. डोले बघा तिचे, कागदासारखे पांढरे. काय करू?" मी जेवत होते. मी विचारलं, "सातच्या खाली नाही ना?" ती म्हणाली, "नाय." मी म्हटलं, "मग पत्रक द्या, ताई." "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. मी डबा संपवला. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायलाच हवं.

पुढच्या फेरीला वंदनाताई त्या खोलीवर गेली, तेव्हा रीनाची सासू मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळंतपणात रक्त थांबलं नाही, पोरगी गेली. सासू रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "दीदी, उस दिन मशीन में क्या आया था?" वंदनाताई तिथून निघाली ती थेट नौपाड्याला. माझ्या टेबलावर यंत्र ठेवून ती उभी राहिली, बसली नाही. "त्या बाईने विचारला आणि मला बोलता नाय आलं. मीच धरलेली मशीन वलवून. माझ्या या हातानं." मी म्हटलं, आकडा कळला असता तरी ती वाचलीच असती असं नाही, आपल्या अभ्यासाशी याचा संबंध नाही. ते खरंही होतं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आमच्या अहवालातही 'मृत्यूचा अभ्यासाशी संबंध नाही' असंच लिहिलं गेलं. वंदनाताईने यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "संबंध नाय? मी तिच्या घरात पानी प्यायले, बाय."

त्या दिवसापासून ती आकडे सांगायला लागली. लपूनछपून नव्हे, यंत्र बाईच्या तोंडासमोर धरून. "ये देख, तेरा खून, तेरा आकडा. दस के ऊपर चाहिए. कल दवाखाने जाने का." गेली नाही तर दुसऱ्या दिवशी ही दारात हजर. थोड्याच दिवसांत सरकारी आरोग्य केंद्रात त्या चाळींमधल्या बायकांची रांग लागली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने आमच्या प्रमुखांना फोन केला, की तुमच्या लोकांनी छान काम केलंय हो. झालं! दोन दिवसांनी बैठक.

प्रमुख, मी, वंदनाताई, आणि समोरच्या पडद्यावर परदेशातले प्राध्यापक. माणूस वाईट नव्हता. मऊ आवाजात त्यांनी समजावलं, की इथून मिळालेल्या उत्तरांनी उद्या लाखो बायकांचा फायदा होईल, पण माहिती बिघडली तर कोणाचाच होणार नाही. भाषांतर करायला मी होते. वंदनाताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना विचार, त्यांच्या बायकोचं रक्त तपासलं तर आकडा कोनाला सांगतील?" मी घाबरले. इंग्रजीत मी सांगितलं, की निकाल सहभागी स्त्रियांना कळावेत का, याबद्दल ताईंना शंका आहे. वंदनाताई बारावी झालेली होती, एवढं इंग्रजी तिला समजायचं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "नाय नाय. तसं नाय बोलले मी. जसं बोलले तसंच सांग." प्रमुख म्हणाले, "वंदनाताई, प्लीज." ती म्हणाली, "सर, तुम्ही थांबा." मग मी सांगितलं. शब्दाला शब्द. पडद्यावरच्या माणसाने चष्मा काढून डोळे चोळले, आणि हळूच म्हणाला, "मला... डॉक्टरांनी मला सांगितला असता."

तरीही तिला कामावरून काढलं. नियम मोडला तर त्याची कारणं देणारा एक कागद भरावा लागतो. तो मसुदा मीच लिहिला. 'कार्यकर्तीकडून नजरचुकीने माहिती उघड झाली' असं मी लिहिलं होतं, तिला वाचवण्यासाठी. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. तिने सही करायच्या आधी पूर्ण वाचलं, माझं पेन घेतलं, 'नजरचुकीने' वर काट मारली आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी हे चुकून केलेलं नाही. रीना मेली म्हणून केलं.' आणि सही. मी म्हटलं, "ताई, नोकरी जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे. माझ्या डोक्यावर छप्पर हाय, म्हणून माझं तोंड चालतं. बाकीच्या पोरींनी कसं बोलायचं? त्यांनी पन पाहिल्यात रीना. त्या घरी जाऊन रडतात, तुला म्हाईत नाय."

मला खरंच माहीत नव्हतं. त्यानंतर मी एकेकीला विचारलं. एकीने एका अगदीच हडकलेल्या बाळाचं वजन टॅबमध्ये भरलं होतं आणि घरी जाऊन दोन दिवस जेवली नव्हती. दुसरी तिला दिलेल्या गल्लीतून जाणंच टाळायची. आम्ही त्यांना सुई टोचायला शिकवलं, सही घ्यायला शिकवलं. जे दिसेल त्याचं काय करायचं, हे मात्र कोणीच शिकवलं नव्हतं, कारण आम्हालाही ते ठाऊक नव्हतं.

तो काट मारलेला कागद जसाच्या तसा एथिक्स कमिटीकडे गेला. संशोधनात सामान्य माणसावर अन्याय होत नाही ना, हे बघणारी ही समिती. तोवर सगळ्या कागदांवर त्यांनी मान डोलावली होती. या वेळी त्या एका ओळीवर अडून बसले. नियम बदलला. प्रत्येक बाईला तिचा आकडा सांगायचा, आणि सातची वाट न बघता दवाखान्यात पाठवायचं. अभ्यास बुडाला नाही. पूर्ण झाला, छापून आला. आभाराच्या यादीत माझं नाव होतं, आमच्या ड्रायव्हरचंही होतं. वंदना भोईर नव्हतं. मी एक ईमेल लिहिली, उत्तर आलं नाही, आणि मी गप्प बसले. ती बसली नसती.

तिला याचं दुःख होतं का? मी विचारलं होतं एकदा, तिच्या घरी कोलंबीचं कालवण खाताना. तोवर 'मॅडम' सुटलं होतं, मी 'बाय' झाले होते. "नावाचं काय करू?" ती म्हणाली. "पन रीनाच्या सासूला जाऊन सांगितला मी आकडा. सात पॉइंट तीन. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या. मी खाल्ल्या. मग दोघी बसलो..." इतकंच. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर हे लेखी असू दे. ती शांत नव्हती. ती चिडायची, माणसांना तोंडावर बोलायची, बैठकीत साहेबाला गप्प करायची. समर्पित म्हणाल तर नियमाला नव्हे, समोरच्या बाईला. आणि हसतमुख तर अजिबात नव्हती, फोटोत सुद्धा कपाळाला आठीच असायची. तिला गोड करून भिंतीवर टांगू नका.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी सायलीला भेटायला गेले. ती दुकानात गेली होती, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसले. शेजारणीने सांगितलं, रोज सकाळी नऊ ते अकरा वंदनाताई इथेच बसायची. चाळीतल्या बायका रिपोर्ट घेऊन यायच्या, ही वाचून सांगायची, ओरडायची, कधी उठून सोबतही जायची. काम सुटल्यापासून एक दिवस चुकवला नाही म्हणे. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. ओट्याचा तो कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता. तेवढ्यात पोट पुढे आलेली एक पोरगी हातात घडी घातलेला कागद घेऊन फाटकातून आत आली. "दीदी नहीं है?" मी मान हलवली. ती घुटमळली, परत वळली. मी तिला हाक मारली, कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि आकडा मोठ्याने वाचला.

"कम है क्या?" तिने विचारलं.

"कम है," मी म्हटलं, आणि पायात चपला सरकवल्या.